डिचोलीचं न झालेलं युद्ध

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक लेख अवतरला. विषय होता १६४० ते १६४१ या काळात गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोली भागात झडलेला संघर्ष. लेख किरकोळ नव्हता. साडेचार हजार शब्द, युद्धाची कारणं, मोहिमा, शेवटी तह, खाली तळटिपा, असा सगळा जामानिमा होता. दोन महिन्यांत त्याला ‘चांगला लेख’ हा तिथला मानाचा बिल्ला मिळाला आणि पुढे पाचेक वर्षं तो सुखानं नांदला. डिसेंबर २०१२ मध्ये तो काढून टाकण्यात आला, कारण असं युद्ध कधी झालंच नव्हतं.

हे वाचून मराठी माणसाला हसावं की रडावं कळत नाही. १६४० साली मराठा साम्राज्य कुठलं? शिवाजी महाराज तेव्हा दहा वर्षांचे, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत, राज्याभिषेकाला अजून चौतीस वर्षं अवकाश. शिवकाल शिकलेल्या चौथीतल्या मुलानं पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं असतं. ठेवलं नाही, कारण त्या ओळीपर्यंत तसं मूल, त्याचे मास्तर किंवा त्या मास्तरांना शिकवणारे प्राध्यापक कुणीच पोचले नाहीत. पोचले असतील तर वाचून पुढे गेले. ‘संपादन’ ही कळ तिथं सगळ्यांसाठी उघडी होती.

शेवटी ही लबाडी पकडली कुणी? मराठ्यांच्या इतिहासाच्या कुणा अभ्यासकानं नव्हे. तळटिपा तपासणाऱ्या एका स्वयंसेवक संपादकानं. मुख्य आधार म्हणून दिलेली पुस्तकं त्याला कुठं सापडेनात. लेखकानं युद्धाबरोबर पुस्तकंही रचली होती. पुस्तक आहे की नाही एवढं बघायला मराठ्यांचा इतिहास ठाऊक असायची गरज नव्हती.

विकिपीडियाविषयी वाद निघाला की मला हीच गोष्ट आठवते, कारण या वादाच्या दोन्ही बाजू तिच्यात तोंडघशी पडतात. एक बाजू म्हणते की हजारो डोळे पाहताहेत, चूक टिकणार कशी? इथं ती पाच वर्षं टिकली, वर बिल्ला लावून टिकली. दुसरी बाजू म्हणते की कुणीही उठावं आणि लिहावं, असल्या गोष्टीवर भरवसा कसा ठेवायचा? पण ही लबाडी उघडी पाडणाराही त्याच ‘कुणीही’पैकी एक होता. ‘विकिपीडिया विश्वासार्ह आहे का’ हा प्रश्न मला म्हणूनच फसवा वाटतो. ‘गाव प्रामाणिक आहे का’ असं विचारल्यासारखा. गावातलं कुठलं घर, ते सांगा.

*

गर्दीकडून ज्ञान गोळा करायची कल्पना इंटरनेटची नाही. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनं १८५७ मध्ये इंग्रजीच्या नव्या शब्दकोशाचा घाट घातला, तेव्हाच ठरलं होतं की शब्दांचे दाखले सामान्य वाचकांनी गोळा करून पाठवायचे. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले आणि त्यांनी पुन्हा जाहीर आवाहन केलं. जुनी पुस्तकं वाचा, शब्द कुठं कसा वापरलाय ते चिठ्ठीवर उतरवा, पुस्तकाचं नाव, साल आणि पान लिहा, पाठवून द्या. लाखो चिठ्ठ्या आल्या. बागेत पत्र्याची खोली बांधून त्यातल्या खणांमध्ये त्या लावल्या गेल्या. हाच तो ऑक्सफर्डचा कोश. त्याची पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ साल उजाडलं.

चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत विल्यम मायनर नावाचे एक गृहस्थ होते. अमेरिकी लष्करातले माजी शल्यचिकित्सक. भ्रमाच्या भरात त्यांनी १८७२ मध्ये लंडनमध्ये एका निरपराध माणसाला गोळी घातली होती, आणि कोशाचं सगळं काम त्यांनी ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात बसून केलं. मरे यांच्या सर्वांत उपयोगी मदतनिसांत त्यांची गणना होते. हा किस्सा नेहमी गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात गंमतीपेक्षा पद्धत दिसते. चिठ्ठी कुणी पाठवली याला महत्त्व नव्हतं, कारण चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि पान होतं. शंका आली तर पुस्तक काढायचं आणि पान उघडायचं. माणसाच्या डोक्यात काय चाललंय याची चौकशी करायची पाळीच येत नव्हती.

ही चिठ्ठी नीट लक्षात ठेवावी. पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

मार्च २००० मध्ये जिमी वेल्स यांच्या बोमिस या कंपनीनं ‘न्यूपीडिया’ नावाचा फुकट ऑनलाइन ज्ञानकोश काढला. लॅरी सँगर हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक त्याचे मुख्य संपादक. लेख तज्ज्ञांनी लिहायचे, आणि छापण्याआधी त्यांना सात टप्प्यांच्या तपासणीतून न्यायचं. संपादक शक्यतो पीएचडी असलेले हवेत. कागदावर योजना निर्दोष होती. साडेतीन वर्षांनी, सप्टेंबर २००३ मध्ये तिला कुलूप लागलं, तेव्हा पुरे झालेले लेख होते जेमतेम दोन डझन. फुकट काम करणाऱ्या विद्वानाला सात दारांतून जायला लावलं की तो तिसऱ्या दाराशीच घरी परततो, हे कुणाही संपादकानं आधीच सांगितलं असतं.

या गाडीला धक्का मारण्यासाठी सँगर यांना ‘विकी’ सापडली. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरनं २५ मार्च १९९५ रोजी अशी साइट सुरू केली होती की तिचं प्रत्येक पान वाचणाऱ्याला तिथल्या तिथं बदलता येईल. नाव आलं होनोलुलूच्या विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे चटकन. जानेवारी २००१ मध्ये सँगर यांनी न्यूपीडियाच्या मंडळींपुढे कल्पना ठेवली, की लेखांचे कच्चे खर्डे विकीवर करू आणि पक्के झाले की आत घेऊ. विद्वानांना ही शेजारीण पसंत पडली नाही. म्हणून तिला वेगळं घर दिलं गेलं, १५ जानेवारी २००१ रोजी, ‘विकिपीडिया’ या नावानं. वर्ष संपेपर्यंत तिथं वीसेक हजार लेख झाले होते. कच्च्या खर्ड्यांची पडवी वाढत गेली आणि मूळ वाडा ओस पडला.

तज्ज्ञांचा मार्ग पुन्हा कुणी चालून पाहिला नाही, असं नाही. २००२ मध्ये बाहेर पडलेल्या सँगर यांनीच पुढे ‘सिटिझेंडियम’ काढला. खरी नावं, तज्ज्ञांची देखरेख. २००८ मध्ये गूगलनं ‘नॉल’ आणला. तिथं लेखावर लेखकाची सही असायची. नॉल २०१२ मध्ये बंद झाला आणि सिटिझेंडियम कुणाच्या लक्षातही राहिला नाही. सही आणि पदवी असली की ज्ञान आपोआप गोळा होतं, या समजुतीला तीनदा संधी मिळाली आहे.

*

छापील कोशाविषयी आपल्या मनात एक देव्हारा असतो. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, म्हणजे आतलं सगळं खरं. ‘ॲपल्टन’ या अमेरिकी प्रकाशकानं १८८७ ते १८८९ या काळात अमेरिकेतल्या नामवंतांचा सहा खंडांचा चरित्रकोश काढला. लेखकांना मोबदला मजकुराच्या लांबीवर मिळे. त्यातल्या कुणीतरी, एकानं की अनेकांनी, माणसंच रचायला सुरुवात केली. न जन्मलेले प्रवासी, न लिहिलेले ग्रंथ. १९१९ मध्ये जॉन बार्नहार्ट या वनस्पतिशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की त्यातले चौदा वनस्पतिशास्त्रज्ञ अस्तित्वातच नव्हते. नंतर शोधाशोध झाली तेव्हा हा आकडा कितीतरी वाढला. तीस वर्षं ही भुतं ग्रंथालयांच्या फडताळांत वावरत होती. ज्यानं पकडली तो त्या विषयातला होता म्हणून पकडली गेली, आणि पकडल्यावरही विकल्या गेलेल्या प्रती दुरुस्त करायची सोय नव्हती.

दुसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. सोव्हिएत महाकोशाच्या पाचव्या खंडात गुप्त पोलिसांचे प्रमुख लावरेंती बेरिया यांच्यावर मोठा लेख होता. डिसेंबर १९५३ मध्ये बेरियांना गोळी घालण्यात आली. थोड्याच दिवसांत कोशाच्या वर्गणीदारांना टपालानं एक पाकीट आलं. अमुक चार पानं कात्रीनं किंवा ब्लेडनं कापून काढावीत, कडेला थोडी पट्टी राखावी आणि तिला सोबतची नवी पानं चिकटवावीत. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची भरभक्कम माहिती होती.

विकिपीडियावरही पानं कापली जातात. रोज, दर मिनिटाला. कंपन्यांचे लोक आपल्या भानगडी पुसतात, पुढाऱ्यांचे कार्यकर्ते गुणगान घालतात. २००७ मध्ये ‘विकिस्कॅनर’ नावाच्या साधनानं निनावी बदलांचे अंकपत्ते, म्हणजे संगणकांचे आयपी ॲड्रेस, जुळवून दाखवले, तेव्हा त्यांतले कितीतरी पत्ते मोठ्या कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या कचेऱ्यांचे निघाले. पण ते पत्ते जुळवता आले, कारण कापलेलं पान टाकून दिलेलं नव्हतं. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर ‘इतिहास पहा’ अशी खूण असते. तिथं गेलं की कुणी, कधी, कुठला शब्द काढला आणि कुठला घातला, सगळं ओळीनं दिसतं. कात्री, ब्लेड आणि कापलेला कागद, तिन्ही पुराव्याला हजर. छापील कोशात चुका कमी असतीलही, पण झालेल्या चुकीचा इतका उघडा पंचनामा मी दुसऱ्या कुठल्या कोशात पाहिलेला नाही.

*

आता आकड्यांकडे. डिसेंबर २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकानं विज्ञानाच्या ४२ विषयांवरचे विकिपीडिया आणि ब्रिटानिका या दोन्ही ठिकाणचे लेख तज्ज्ञांना तपासायला दिले. कुठला लेख कुठला हे सांगितलं नव्हतं. विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. गंभीर चुका दोघांकडे प्रत्येकी चार. ब्रिटानिकावाले भडकले आणि पुढच्या वर्षी त्यांनी लांबलचक खंडन छापलं. तेव्हापासून विकिपीडियाची बाजू घेणारा प्रत्येक जण हा हुकमाचा पत्ता टाकतो.

मी तो टाकत नाही. एक तर ते ४२ विषय विज्ञानातले होते, म्हणजे विकिपीडियाची सर्वांत राखलेली आळी. प्रोग्रॅमर, अभियंते, विज्ञानाचे विद्यार्थी यांनीच तर ती वसवली. दुसरं म्हणजे सरासरीत डिचोली दिसत नाही. ज्या महिन्यात नेचरचा लेख आला त्याच्या आगेमागेच जॉन सिगेंथालर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराचं प्रकरण गाजत होतं. मे २००५ मध्ये कुणीतरी त्यांच्या चरित्रात घुसडलं, की केनेडी बंधूंच्या खुनांत त्यांचा हात असावा असा संशय होता. हे सिगेंथालर रॉबर्ट केनेडींचे सहकारी, त्यांच्या शवपेटीला खांदा दिलेले. ते वाक्य चार महिने तसंच होतं. ते ज्यानं लिहिलं त्यानं थट्टा म्हणून लिहिलं होतं. ज्या माणसाविषयी चार महिने असं छापलेलं राहतं, त्याला ४२ लेखांची सरासरी सांगून काय उपयोग?

लेख पक्का होतो तो भांडणानं, असं माझं मत दिवसेंदिवस घट्ट होत चाललं आहे. उत्क्रांती, हवामानबदल, लसीकरण असल्या विषयांवरचा इंग्रजी लेख घ्या आणि त्याचं ‘चर्चा’ पान उघडा. एकेका विशेषणावरून आठवडाभर जुंपलेली दिसेल. कोण अभ्यासाचा दाखला देतोय, कोण त्या अभ्यासातली खोट काढतोय, कोण तिसराच येऊन दोघांना गप्प करतोय. सगळ्यांनी कुरतडून जे वाक्य शिल्लक राहतं ते बेचव असतं, पण चिवट असतं. ज्या लेखाचं चर्चापान कोरं आहे, ज्याच्या इतिहासात एकाच सदस्याचं नाव वरपासून खालपर्यंत दिसतं, तिथं जपून पाऊल टाकावं. डिचोलीच्या लेखाला ‘चांगला’ ठरवायला एका परीक्षकाची मान डोलणं पुरलं होतं. लेख घाटदार होता, व्याकरण शुद्ध होतं. तळटिपांमागं पुस्तकं आहेत का, एवढंच त्यानं पाहिलं नाही.

लहान भाषांच्या विकिपीडियात ही निर्मनुष्य आळी फार मोठी असते. स्कॉट्स भाषेचं उदाहरण तर कुणाही भाषाप्रेमीची झोप उडवील असं आहे. २०२० मध्ये लक्षात आलं की त्या विकिपीडियातले वीस हजारांहून जास्त लेख, म्हणजे जवळपास एक तृतीयांश, एका अमेरिकी पोरानं लिहिलेत आणि त्याला स्कॉट्स येतच नाही. लहान वयात त्यानं सुरुवात केली होती. इंग्रजी मजकूर घ्यायचा, शब्दकोशात बघून अधूनमधून शब्द बदलायचे, जमलं तर स्पेलिंग वाकडं करायचं. त्या पोरावर लोक तुटून पडले. मला त्याचा राग येत नाही. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या पंधरा लाखांवर माणसांनी आपल्याला ही भाषा बोलता येते असं सांगितलं होतं. ते सगळे कुठं होते?

क्रोएशियन विकिपीडियाचा मासला याहून वाईट, कारण तिथं अजाणपण नव्हतं. उजव्या टोकाच्या विचारांच्या मूठभर प्रचालकांनी, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्यांनी, सुमारे दशकभर ती ताब्यात ठेवली. हरकत घेणाऱ्या सदस्यांना तडीपार केलं. दुसऱ्या महायुद्धातल्या यासेनोव्हात्सच्या छळछावणीला नुसतं ‘संकलन छावणी’ म्हणण्यापर्यंत मजल गेली. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं २०२१ मध्ये अहवाल काढून हे मान्य केलं. या गोष्टीतून मला एकच दिसतं. दार उघडं असणं पुरत नाही. आत बसलेले चार जण भांडणाराला बाहेर काढू लागले की चर्चापानं ओस पडतात, आणि मग उरते ती फक्त चावडीवरची दादागिरी.

*

चिठ्ठीकडे परत येऊ. चिठ्ठीची सगळी मातब्बरी यावर आहे की तिच्यावरचं पुस्तक आधीपासून, स्वतंत्रपणे, कुठंतरी आहे. समजा ते पुस्तकच चिठ्ठी वाचून लिहिलेलं असेल तर?

२००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्यानं कोआटी या प्राण्याच्या लेखात एक ओळ टाकली: याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात. कोआटी हा रॅकूनचा भाऊबंद. आर्डवार्क आफ्रिकेतला, त्याचा याच्याशी सुतराम संबंध नाही. ब्राझीलमध्ये सहलीला गेल्यावर त्याला आणि त्याच्या भावाला हे प्राणी दिसले, त्यांना ते आर्डवार्क वाटले, आणि घरी आल्यावर त्यानं घरगुती विनोद म्हणून ती ओळ टाकली. नंतर विसरला. काही वर्षांनी पाहतो तर ब्रिटिश वर्तमानपत्रांनी प्राण्याचं हे नाव वापरलेलं, विद्यापीठाच्या छापखान्यातून निघालेल्या पुस्तकातही ते शिरलेलं. आणि विकिपीडियातल्या त्याच्या ओळीला आता तळटीपही होती. आधार कुठला, तर वर्तमानपत्राचा. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते यालाच. २०१४ मध्ये ही गोष्ट उजेडात आली, तोवर हे नाव लोक खरोखरच वापरू लागले होते, त्यामुळे आता ते खोटं आहे असंही धड म्हणता येईना.

यात दोष विकिपीडियाचा किती? एका पोरानं थट्टा केली, ठीक. पण पगार घेऊन बातमी लिहिणाऱ्या माणसानं ती उचलली आणि कुठून उचलली ते लिहिलं नाही, हा अपराध माझ्या मते मोठा. विकिपीडिया स्वतः बजावून सांगते की मला प्रमाण मानू नका, खालच्या तळटिपांकडे जा. बातमीदार तळटिपेकडे न जाता मजकूर घेतो, आणि वर उद्या त्याचाच मजकूर तळटीप होतो. चिठ्ठीची साखळी तुटते ती नेमकी अशा ठिकाणी.

*

आता माझ्या बाजूचा सर्वांत अडचणीचा भाग. जाणकारांनी यावं, दुरुस्त करावं, असं मी म्हणतो खरा. पण जाणकार आला तर त्याचं काय होतं?

टिमथी मेसर-क्रूझ हे अमेरिकी कामगार चळवळीचे इतिहासकार. शिकागोच्या हेमार्केट चौकात मे १८८६ मध्ये सभेच्या वेळी पोलिसांवर बाँब पडला, आठ अराजकवाद्यांवर खटला चालला, पुढच्या वर्षी चौघांना फाशी झाली. विकिपीडियाच्या लेखात म्हटलं होतं की आरोपींचा बाँबशी संबंध जोडणारा कुठलाही पुरावा सरकार पक्षानं दिला नाही. मेसर-क्रूझ यांनी खटल्याचं मूळ कामकाज वाचलेलं. साक्षीदारच होते ११८. त्यांनी वाक्य बदललं. काही मिनिटांत ते उलटवलं गेलं. कारण दिलं गेलं की मूळ कागद चालत नाहीत, छापलेलं पुस्तक दाखवा. ते थांबले. २०११ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, ते घेऊन परत गेले. आता उत्तर मिळालं की बाकीचे इतिहासकार उलट म्हणतात, तुमचं मत अल्पमत आहे, त्याला इतकं वजन देता येणार नाही. एका संपादकानं तर त्यांना समजावलं, की १८८८ साली आकाश हिरवं होतं असं एक सोडून सगळे इतिहासकार म्हणत असतील, तर ‘बहुतेक इतिहासकार हिरवं म्हणतात, एक जण निळं म्हणतो’ असंच आम्हाला लिहावं लागेल.

वैतागलेल्या मेसर-क्रूझ यांनी २०१२ च्या फेब्रुवारीत हा अनुभव जाहीरपणे लिहिला, गवगवा झाला आणि मग लेख सुधारला. हा प्रसंग मी अनेकदा उलटसुलट करून पाहिला आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पूर्णपणे प्राध्यापकाच्या बाजूचा होतो. आज नाही. समोरचा खरोखर प्राध्यापक आहे की नाही हे त्या संपादकाला कळायला मार्ग नव्हता. पडद्यावर प्रत्येक जण प्राध्यापकच असतो. २००७ मध्ये तिथला एक वजनदार प्रचालक, जो आपण धर्मशास्त्राचे प्राध्यापक असल्याचं सांगत होता, तो चोवीस वर्षांचा पदवी नसलेला तरुण निघाला. ‘मी मूळ कागद वाचलेत’ एवढ्यावर वाक्य बदलू दिलं, तर डिचोलीचा युद्धकारही उद्या मूळ कागद वाचून येईल. ज्ञानकोशानं संशोधनाच्या दोन पावलं मागे चालावं. पुढे पळायचं काम संशोधकाचं. नियम बरोबरच होता. बरोबर नव्हता तो त्याचा सूर, आणि नवख्याला दारातूनच परतवण्याची ती तिथली जुनी खोड. त्या खोडीनं किती चांगली माणसं कायमची गेली असतील याचा हिशेब कुठल्याही ‘इतिहास पहा’मध्ये सापडत नाही.

डॉना स्ट्रिकलंड यांच्याबाबतीत तसाच पेच पडला. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरच्या लेखाचा खर्डा नाकारला गेला, कारण त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेले पुरेसे संदर्भ नव्हते. ऑक्टोबरात त्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. जगानं विकिपीडियाला फैलावर घेतलं. घेणाऱ्यांत वर्तमानपत्रंही होती, ज्यांनी आदल्या दिवसापर्यंत या बाईंविषयी फारसं काही छापलंच नव्हतं. चिठ्ठी लिहायला आधी पुस्तक लागतं, आणि कुणाविषयी पुस्तकं लिहायची हे विकिपीडिया ठरवत नाही.

माझा स्वतःचा अनुभव यापुढे चिल्लर आहे, पण सांगतो. एका जुन्या ग्रंथकाराच्या लेखात जन्मसाल चुकलेलं दिसलं. मी मोठ्या तोऱ्यात दुरुस्त केलं. चहाचा कप संपायच्या आत ते उलटवलेलं, शेरा ‘संदर्भ नाही’. चडफडलो. मग कपाटातून पुस्तक काढलं, आणि पाहतो तर पुस्तकात तिसरंच साल. दुसऱ्या पुस्तकात माझं. दोन संध्याकाळी घालवल्यावर लेखात एक वाक्य गेलं: जन्मसालाबद्दल दोन मतं आहेत. खाली दोन्ही पुस्तकं, पानांसकट. ते वाक्य अजून टिकून आहे. मला वीस वर्षं खात्रीनं ठाऊक असलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती, हे त्या उर्मट शेऱ्यामुळं कळलं.

म्हणूनच ‘प्रकल्पात विकिपीडियाचा संदर्भ चालणार नाही’ असं फर्मान काढणारे शिक्षक पाहिले की मला कीव येते. मुलं वापरणारच. फर्मानानं फक्त एवढं होतं की ती लपवून वापरतात, आणि लपवून वापरलेल्या गोष्टीविषयी प्रश्न विचारता येत नाही. त्यापेक्षा एक लेख द्यावा आणि सांगावं की यातली एक तळटीप शेवटपर्यंत शोधून काढ. पुस्तक आहे का? त्या पानावर तेच लिहिलंय का? कधी कधी तेच लिहिलेलं नसतं, आणि हे एकदा स्वतः पाहिलेलं मूल कुठल्याच छापील ओळीपुढं भाबडेपणानं मान तुकवत नाही.

हे शिकवायची घाई आहे, कारण ज्या खिडकीतून हे सगळं दिसत होतं ती आता बंद होऊ लागली आहे. विकिपीडियाचा मजकूर गिळून वाढलेले चॅटबॉट प्रश्नाचं उत्तर थेट ओंजळीत घालतात. विकिमीडिया फाउंडेशननंच २०२५ मध्ये सांगितलं की प्रत्यक्ष माणसांकडून होणारी पानांची वाचनं वर्षभरात सुमारे आठ टक्क्यांनी घटली. उत्तर तेच असेल, कदाचित अधिक गोड भाषेत. पण त्याच्या डोक्यावर ‘चर्चा’ नाही, ‘इतिहास पहा’ नाही. एखाद्या विशेषणावरून कोण कुणाशी भांडलं, कुणी काय कापलं, ही लेखाची पोटदुखी सगळी गुळगुळीत होऊन जाते. आणि वाचक पानावरच आला नाही तर ‘संपादन’ दाबणारा तरी कुठून येणार?

विकिपीडियानं आपल्याच फसवणुकांची एक यादी केली आहे आणि ती कुणालाही वाचता येते. कुठली थाप, किती दिवस टिकली, सगळं नोंदलेलं. डिचोलीचं युद्ध त्या यादीत आहे. नुसतं नाव नव्हे, मूळ लेखाची प्रतही तिथं राखून ठेवली आहे. कारणं, मोहिमा, तह, आणि खाली कुणीच न लिहिलेल्या पुस्तकांच्या तळटिपा.